पगार वाटणारा गुप्तहेर

जिनिव्हाच्या बाजारात ठरावीक दिवशी एक म्हातारी शेतकरीण लोणी विकायला बसते. ती सीमेपलीकडच्या सव्हॉय या फ्रेंच मुलुखातून येते आणि माल संपला की परत जाते. युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले आहे, पण स्वित्झर्लंड तटस्थ असल्यामुळे इथला बाजार नेहमीसारखा भरतो. ॲशेंडेन नावाचा एक मध्यमवयीन इंग्रज लेखक तिच्यापुढे थांबतो, अर्धा पौंड लोणी मागतो, आणि सुटे पैसे परत घेताना कधीकधी नाण्यांबरोबर एक घडी केलेला कागद त्याच्या मुठीत येतो. तो कागद हातात असेपर्यंतची काही मिनिटे एवढाच काय तो त्याच्या जिवाला घोर. चिठ्ठी वाचून नष्ट झाली की तो पुन्हा नाटक लिहिण्यासाठी निवांत जागा शोधत आलेला एक सभ्य गृहस्थ होतो आणि लोणी घेऊन हॉटेलवर परततो.

हा प्रसंग सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाच्या 1928 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲशेंडेन’ या पुस्तकातला आहे. मॉम स्वतः पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी आधी स्वित्झर्लंडमध्ये आणि नंतर रशियात काम करत होता, आणि या पुस्तकातल्या कथा त्या अनुभवावर रचलेल्या आहेत. हेरकथा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाठलाग, पिस्तूल आणि वेषांतर येते. मॉमच्या कथांत यांपैकी फारच थोडे आहे; त्याऐवजी आहेत पगार, पावत्या, आठवड्याचे अहवाल आणि ते अहवाल खरे की खोटे याची न संपणारी शंका. गुप्तचर खात्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर हे पुस्तक शंभर वर्षांनंतरही चांगले पाठ्यपुस्तक ठरते, असे माझे मत आहे. मात्र त्यातले कुठे थांबून लेखकावर विश्वास ठेवायचा नाही, हेही कळायला हवे.

आधी माणूस. विल्यम सॉमरसेट मॉमचा जन्म 25 जानेवारी 1874 रोजी पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीत झाला, कारण त्याचे वडील वकिलातीची कायद्याची कामे पाहत असत. त्याची पहिली भाषा फ्रेंच होती. आठव्या वर्षी आई क्षयाने गेली, दहाव्या वर्षी वडील गेले, आणि पोरक्या झालेल्या या मुलाची रवानगी इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या व्हिट्सटेबल गावी, धर्मोपदेशक असलेल्या काकाकडे झाली. तिथल्या शाळेत त्याच्या इंग्रजीची टिंगल झाली आणि त्याचे तोतरेपण जन्मभराचे झाले. पुढे तो जर्मनीतल्या हायडेलबर्गला राहून जर्मन शिकला, लंडनला परतून डॉक्टर झाला, पण 1897 साली पहिली कादंबरी खपताच त्याने वैद्यकी सोडली. 1908 साली लंडनच्या रंगभूमीवर त्याची चार नाटके एकाच वेळी चालू होती. म्हणजे 1914 साली युद्ध सुरू झाले तेव्हा तो चाळिशीचा, पैसेवाला, फ्रेंच आणि जर्मन सफाईने बोलणारा, आणि जगभर फिरण्याचे निमित्त ज्याला कधी शोधावे लागत नाही असा प्रसिद्ध लेखक होता. गुप्तचर खात्याला याहून सोयीचा माणूस मिळणे कठीण होते. तोतऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय अधिक लागते, हीसुद्धा या धंद्यात जमेचीच बाजू म्हणायची.

युद्धाच्या सुरुवातीला तो फ्रान्समध्ये रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात होता. 1915 साली त्याची गाठ जॉन वॉलिंगर या गुप्तचर अधिकाऱ्याशी पडली, तीही खासगी ओळखीतून. त्या काळात मॉमचे सिरी वेलकम या विवाहित बाईशी संबंध होते, औषध उद्योगातला बडा असामी असलेल्या तिच्या नवऱ्याने घटस्फोटाचा दावा मांडला होता, आणि त्यात मॉमचे नाव येणार होते. लंडनपासून काही काळ दूर राहणे सोयीचे होते. देशभक्ती, कुतूहल आणि ही अडचण यांपैकी कशाचा वाटा किती हे ठरवता येत नाही; बहुधा तिन्हींचा होता. पुस्तकात ‘आर’ या एका अक्षराने ओळखला जाणारा वरिष्ठ अधिकारी ॲशेंडेनला नेमताना बजावतो की काम नीट केलेस तर आभार मिळणार नाहीत आणि अडचणीत सापडलास तर मदत मिळणार नाही. हा ‘आर’ वॉलिंगरवरूनच बेतलेला आहे.

आता त्या कामाचे स्वरूप पाहू. ‘गुप्तहेर’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळी माणसे असतात. एक, जो शत्रूच्या मुलुखात जाऊन प्रत्यक्ष माहिती आणतो. तो बहुतेक वेळा खात्याचा नोकर नसतो. तो व्यापारी, वेटर, खलाशी किंवा नाटक कंपनीतला कोणी असतो, आणि पैशासाठी, रागापोटी किंवा भीतीने हे काम करतो. दुसरा, जो या माणसांना शोधतो, नेमतो, पगार देतो, सूचना देतो आणि त्यांच्याकडून आलेली माहिती गोळा करतो. तिसरा, जो या दोघांमधला किंवा दुसऱ्याचा आणि मुख्यालयाचा दुवा असतो, जसे ती लोणीवाली. तिला चिठ्ठीत काय आहे ते कळण्याची गरज नसते आणि कळू नये हेच बरे, कारण जे ठाऊक नाही ते पकडल्यावर सांगता येत नाही. मॉम आणि त्याचा ॲशेंडेन दोघेही यांतल्या दुसऱ्या जागेवर होते. त्यांनी कोणाची तिजोरी फोडली नाही. ते हेरांचे मुकादम होते.

हे काम स्वित्झर्लंडमध्येच का करायचे, याचे उत्तर नकाशात आहे. या देशाच्या एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला जर्मनी, खाली इटली आणि पूर्वेला ऑस्ट्रिया. युद्धात उतरलेल्या दोन्ही गटांच्या सीमा इथे भिडतात आणि तटस्थ असल्यामुळे दोन्ही गटांचे नागरिक इथे उघडपणे राहू शकतात. त्यामुळे जिनिव्हा, बर्न, बाझेल ही शहरे हेर, फरारी क्रांतिकारक, पदच्युत राजपुत्र आणि त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांनी भरून गेली होती. एकाच हॉटेलच्या जेवणघरात शेजारच्या टेबलांवर बसलेली माणसे एकमेकांविरुद्ध अहवाल लिहीत असत आणि ते दोघांनाही ठाऊक असे. अडचण होती ती स्विस पोलिसांची. आपल्या भूमीवर परकी हेरगिरी चालू दिली तर तटस्थतेचा बोजवारा उडेल, म्हणून सापडलेल्या हेराला ते तुरुंगात टाकत किंवा हद्दपार करत. एका कथेत ॲशेंडेन खोलीवर परततो तर दोन पोलिस तिथे वाट पाहत बसलेले असतात, आणि एका क्षुल्लक निमित्तावरून अत्यंत सभ्यपणे त्याची उलटतपासणी घेतात.

अशा वेळी उपयोगी पडतो तो बहाणा, म्हणजे आपण इथे का आहोत याचे पटण्याजोगे कारण. चांगला बहाणा शक्य तितका खरा असावा लागतो. मॉमला नाटक लिहिण्याचे सोंग करावे लागले नाही, कारण तो जिनिव्हात खरोखरच नाटक लिहीत होता आणि ते 1916 साली लंडनला रंगमंचावर आलेही. पोलिसांनी विचारले तर दाखवायला टेबलावर हस्तलिखित होते. लेखकाने चार अनोळखी माणसांशी गप्पा मारणे, अवेळी फिरणे, सरोवरातल्या आगबोटीने पलीकडच्या फ्रेंच काठावर जाऊन येणे, यांतले काहीच कोणाला खटकत नाही. पलीकडच्या काठावर तो आपले अहवाल पोचते करी.

मॉमने पुढे लिहिले की हे काम एकूणात अतिशय कंटाळवाणे असते आणि त्यातले पुष्कळसे निरुपयोगी असते. पुस्तकातही तो ॲशेंडेनचे आयुष्य लंडनच्या व्यापारी पेढीतल्या कारकुनासारखे नियमबद्ध आणि एकसुरी होते, असे सांगतो. ठरल्या दिवशी हेरांना भेटायचे, पगार द्यायचा, नवा माणूस मिळाला तर त्याला सूचना देऊन जर्मनीत पाठवायचे, आलेली माहिती चाळायची, आठवड्याचा अहवाल लिहायचा. तो अहवाल पुढे कोण वाचतो, त्याचे काय होते, हे त्याला कधी कळत नाही. प्रचंड यंत्रातल्या एका लहानशा खिळ्याला यंत्र काय बनवते ते दिसत नाही. ॲशेंडेनला हे सारखे डाचत राहते. मला ही तक्रार या पुस्तकातली सर्वांत अस्सल गोष्ट वाटते, कारण कल्पनेने हेरकथा लिहिणाऱ्याला ती सुचली नसती. त्याच्या नायकाला प्रत्येक धाडसाचे फळ त्याच रात्री मिळते.

माहिती विकत घेणाऱ्यापुढची खरी अडचण मॉमने गुस्ताव या पात्रातून दाखवली आहे. गुस्ताव बाझेलमध्ये राहणारा स्विस माणूस आहे. तो ज्या कंपनीचे काम करतो तिच्या शाखा जर्मनीत आहेत, त्यामुळे त्याला ये-जा करायला कोणाची आडकाठी नाही. सैन्याच्या हालचाली, दारूगोळ्याचे कारखाने, लोकांची मनःस्थिती, या सर्वांवरचे त्याचे अहवाल इतके नेटके असतात की इतरांपुढे त्याचा कित्ता ठेवला जातो. मग ‘आर’ला संशय येतो, ॲशेंडेन बाझेलला जाऊन त्याला घेरतो, आणि उलगडा होतो की युद्ध सुरू झाल्यापासून गुस्ताव जर्मनीत गेलेलाच नाही. जर्मन वर्तमानपत्रे वाचून आणि बाझेलच्या उपाहारगृहांत ये-जा करणाऱ्यांच्या गप्पा ऐकून तो घरबसल्या अहवाल रचत होता. जीव धोक्यात घालून जे मिळणार ते बिअरच्या पेल्यामागे बसून मिळत असेल तर कशाला जायचे, असा त्याचा साधा हिशेब.

हा विनोद वरवर दिसतो त्यापेक्षा खोल आहे. गुप्त माहितीच्या बाजारात गिऱ्हाइकाला माल तपासता येत नाही, कारण तपासायचा तर स्वतः शत्रूच्या मुलुखात जावे लागेल, आणि तसे जाता आले असते तर माणूस नेमण्याची गरजच पडली नसती. त्यातच, वरिष्ठांना जे ऐकायचे आहे तेच सांगणारा आणि सुबक लिहिणारा हेर अधिक विश्वासू वाटू लागतो. उपाय एकच, तो म्हणजे एकाची माहिती दुसऱ्या स्वतंत्र माणसाच्या माहितीशी ताडून पाहणे. पण दोघेही एकच वर्तमानपत्र वाचून लिहीत असतील तर तोही उपाय फसतो. दुसऱ्या महायुद्धात ग्रॅहम ग्रीन हा कादंबरीकार ब्रिटिश गुप्तचर खात्यात पोर्तुगालचे काम पाहत होता, तेव्हा लिस्बनमधले जर्मनांचे काही हेर असेच घरबसल्या अहवाल रचून जर्मनांकडून पैसे उकळताना त्याला दिसले, आणि त्यातून त्याने 1958 साली हवानातल्या एका व्हॅक्यूम क्लीनर विकणाऱ्या माणसाची कादंबरी लिहिली. गुस्तावचा वंश असा वाढत गेला.

स्वित्झर्लंडमधले काम मॉमने वेतन न घेता केले. पुढे त्याच्या ध्यानात आले की फुकट राबणारा आपण एकटेच आहोत आणि यामुळे लोक आपल्याला उदार न समजता खुळा समजतात. म्हणून 1917 साली न्यूयॉर्कमध्ये सर विल्यम वाइजमन या अमेरिकेतल्या ब्रिटिश गुप्तचर प्रमुखाने रशियाला जाण्याविषयी विचारले, तेव्हा त्याने पगाराचा प्रश्न आधीच काढला.

रशियाचे प्रकरण मोठ्या राजकारणाचे होते. मार्च 1917 मध्ये झारने गादी सोडली होती आणि हंगामी सरकार कसेबसे उभे होते. रशियाने युद्धातून अंग काढून घेतले तर पूर्व आघाडीवर अडकलेले जर्मन सैन्य मोकळे होऊन फ्रान्सवर कोसळणार, ही ब्रिटन आणि अमेरिकेची धास्ती होती. आणि लेनिनच्या नेतृत्वाखालचे साम्यवादी, म्हणजे बोल्शेविक, तर तत्काळ तहाचीच घोषणा देत होते. रशियाला युद्धात टिकवून ठेवणाऱ्या पक्षांना बळ द्यायचे आणि प्रचार करायचा, यासाठी दोन्ही सरकारांनी प्रत्येकी 75 हजार डॉलर मंजूर केले. मॉम जपानमार्गे व्लादिव्होस्टॉकला आणि तिथून सैबेरिया ओलांडणाऱ्या रेल्वेने सप्टेंबरच्या सुरुवातीला पेट्रोग्राडला, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पोचला. त्याचे टोपणनाव ‘सॉमरव्हिल’ होते. तारांमध्ये नावे उघड लिहायची नसल्यामुळे हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की याला ‘लेन’, आणि बोल्शेविक नेत्यांपैकी लेनिनला ‘डेव्हिस’ व ट्रॉट्स्कीला ‘कोल’ म्हणायचे ठरले होते. त्या महिन्यांतल्या तारा वाचताना एखाद्या कापड दुकानातल्या भागीदारांची भांडणे वाचत आहोत असे वाटावे.

केरेन्स्कीपर्यंत पोचण्याची वाट मॉमला साशा क्रोपोट्किनमुळे मिळाली. प्रसिद्ध क्रांतिकारक विचारवंत प्योतर क्रोपोट्किन यांची ही मुलगी एके काळी मॉमची प्रेयसी होती. आता ती दुभाषीचे काम करी आणि मॉम शहरातल्या उत्तम उपाहारगृहात केरेन्स्कीला आणि त्याच्या मंत्र्यांना सरकारी खर्चाने जेवू घाली. बाहेर पावासाठी रांगा होत्या. 31 ऑक्टोबर 1917 रोजी केरेन्स्कीने त्याला बोलावले आणि ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्यासाठी तोंडी निरोप दिला: तोफा आणि दारूगोळा पाठवा, ब्रिटिश राजदूत बदला, आणि जर्मनीपुढे तहाचा असा प्रस्ताव ठेवा की तो नाकारला गेला तरी माझ्या सैनिकांना लढण्याचे कारण उरेल. कागदावर काही लिहायचे नाही, अशी अट होती. मॉम त्याच संध्याकाळी निघाला. नॉर्वेहून त्याला ब्रिटिश विनाशिकेने स्कॉटलंडला आणले. लंडनमध्ये पंतप्रधानांपुढे उभे राहण्याची वेळ आली तेव्हा आपण तोतरे बोलून निरोपाचा विचका करू या भीतीने त्याने तो कागदावर लिहून काढला आणि कागदच पुढे केला. लॉइड जॉर्ज यांनी वाचला, हे मला करता येणार नाही असे सांगितले आणि कागद परत दिला. तोपर्यंत काही दिवसांपूर्वीच, 7 नोव्हेंबरला, बोल्शेविकांनी सत्ता घेतली होती आणि निरोप धाडणारा केरेन्स्की पळून गेला होता.

आपल्याला सहा महिने आधी पाठवले असते तर कदाचित आपण यशस्वी झालो असतो, असे मॉमने नंतर लिहिले. एका माणसाने काही डॉलर आणि काही मेजवान्यांच्या बळावर रशियन क्रांती थोपवली असती हे मला पटत नाही, आणि त्यालाही ते मनापासून पटले होते का, अशी शंका येते. कारण त्या अनुभवातून त्याने जी कथा लिहिली तिच्यात राजकारण जवळजवळ नाही. तिच्यात हॅरिंग्टन नावाचा एक बडबड्या, भाबडा, अत्यंत टापटिपीचा अमेरिकन व्यापारी आहे. सैबेरियाच्या अकरा दिवसांच्या प्रवासात तो ॲशेंडेनचे डोके खातो, केरेन्स्कीच्या सरकारशी करार करतो, आणि क्रांती सुरू झाल्यावर, धुवायला टाकलेले कपडे घेतल्याशिवाय आपण शहर सोडणार नाही म्हणून हटून बसतो. गोळीबारात तो रस्त्यावर मरून पडतो तेव्हा धुतलेल्या कपड्यांचे पुडके त्याच्या मुठीत घट्ट असते. पेट्रोग्राडमधल्या सगळ्या गुप्त खलबतांपैकी वाचकाच्या मनात राहते ते हे पुडके.

मॉम परतला तो क्षयाने आजारी होऊन, आणि त्याने काही काळ स्कॉटलंडच्या आरोग्यधामात काढला. कथा लिहून झाल्या तरी पुस्तक 1928 पर्यंत आले नाही. असे सांगतात की विन्स्टन चर्चिल यांनी हस्तलिखित पाहून, यांतल्या काही कथांनी सरकारी गुपितांच्या कायद्याचा भंग होतो असे सांगितले आणि मॉमने चौदा कथा जाळून टाकल्या. उरलेल्या कथा वाचताना याची आठवण ठेवलेली बरी. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच वाचकाला सावध केले आहे की वस्तुस्थिती ही वाईट कथाकार असते. ती कुठूनही सुरू होते, भरकटते आणि शेवट न करताच सोडून देते, त्यामुळे हेराच्या आयुष्यातल्या विस्कळीत तुकड्यांना सुसंगत आणि संभाव्य रूप लेखकालाच द्यावे लागते. म्हणजे वातावरण, कामाची पद्धत, कंटाळा आणि शंका खरी. घटनांची बांधणी लेखकाची.

या पुस्तकाने इंग्रजी हेरकथेचे वळण बदलले. त्याआधीचा हेर म्हणजे साम्राज्य वाचवणारा हौशी खेळाडू होता. मॉमने त्या जागी एक थकलेला, उपरोधिक, आपल्याच बाजूच्या नीतीविषयी साशंक असलेला नोकर आणून बसवला. शीतयुद्धाच्या काळातले मोठे हेरकथाकार जॉन ल कारे यांनी हेरगिरीविषयी भ्रमनिरासाच्या सुरात आणि जवळजवळ रुक्ष वास्तवाने लिहिणारा पहिला लेखक म्हणून मॉमचेच नाव घेतले आहे. आल्फ्रेड हिचकॉकने 1936 साली यांतल्या दोन कथांवर चित्रपट काढला.

एक कथा मात्र भारतीय वाचकाने वेगळी काढून वाचायला हवी, आणि तिच्यासाठी पुन्हा वॉलिंगरकडे जावे लागते. हा अधिकारी मुळात मुंबईच्या पोलिस सेवेतून आलेला होता. 1 जुलै 1909 रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर सावरकर आणि ‘इंडिया हाउस’ या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जमणारे इतर तरुण यांच्यावर नजर ठेवण्यासाठी सरकारने लंडनमध्ये स्वतंत्र हिंदी गुप्तचर कचेरी उघडली आणि ती वॉलिंगरच्या हाती दिली. मार्च 1910 मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. पण त्यांच्या वर्तुळातले काही जण पॅरिसला आणि पुढे बर्लिनला गेले. त्यांत सरोजिनी नायडू यांचे पाठचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीच्या मदतीने भारतात उठाव घडवू पाहणाऱ्या बर्लिन समितीचे ते एक प्रमुख होते. म्हणजे वॉलिंगरने स्वित्झर्लंडमध्ये विणलेल्या जाळ्याला जर्मन सैन्याची जितकी काळजी होती तितकीच या मूठभर हिंदी माणसांची होती, आणि इंग्रजी साहित्यातली ही नवी हेरकथा जन्माला आली ती आपल्या क्रांतिकारकांवर पाळत ठेवणाऱ्या कचेरीच्या अंगणात.

‘जूलिया लाझारी’ ही ती कथा. चंद्रलाल नावाचा हिंदी क्रांतिकारक स्वित्झर्लंडमध्ये आहे. तटस्थ भूमीवर त्याला हात लावता येत नाही. त्याचे प्रेम एका नाचणाऱ्या बाईवर आहे. ‘आर’ तिला पकडतो आणि तुरुंगाची भीती घालून सरोवराच्या फ्रेंच काठावरच्या तोनों गावी नेऊन ठेवतो, तिच्यासोबत ॲशेंडेनला धाडतो, आणि तिच्याकडून चंद्रलालला पत्रे लिहून घेतो: मला भेटायला ये. सरोवर ओलांडले की तो फ्रेंच भूमीवर, म्हणजे ब्रिटिशांच्या मित्राच्या हद्दीत येणार. ॲशेंडेन मध्येच म्हणतो की ज्याने जवळजवळ एकट्याने हिंदुस्थानातल्या सगळ्या ब्रिटिश सत्तेशी झुंज मांडली त्या माणसाच्या धैर्याची छाप पडल्याशिवाय राहत नाही. ‘आर’ त्याला हळवेपणा सोडायला सांगतो. त्याच्या लेखी तो केवळ एक धोकादायक गुन्हेगार आहे. 1928 साली, साम्राज्य भरात असताना, एका इंग्रज लेखकाने हे वाक्य आपल्या नायकाच्या तोंडी घातले, याची नोंद घ्यायला हवी. तरी नायक पत्रे लिहून घेण्याचे थांबवत नाही, याचीही.

चंद्रलाल आगबोटीने येतो, पकडला जातो आणि त्याच क्षणी विष घेऊन मरतो. रडून आक्रोश केलेली जूलिया शेवटी ॲशेंडेनला एक प्रश्न विचारते. तिने त्याला नाताळात मनगटी घड्याळ दिले होते, त्याला बारा पौंड पडले होते. ते परत मिळेल का?

चंद्रलालचे पात्र वीरेंद्रनाथांवरून सुचले असे अभ्यासक मानतात. 1915 साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा काटा काढण्याचा एक ब्रिटिश प्रयत्न खरोखर झाला होता, पण तो फसला. पुस्तक बाहेर पडले तेव्हा, ज्याला मॉमने तोनोंच्या धक्क्यावर मारले होते तो माणूस बर्लिनमध्ये साम्राज्यवादविरोधी संघाचे काम करत होता. त्या सुमारास त्यांना भेटलेल्या जवाहरलाल नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे: हुशार, लोभस, कायम पैशाच्या चणचणीत, अंगावर विटलेले कपडे. पुढे ते सोव्हिएत रशियात गेले आणि लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीत मानववंशशास्त्राचे काम करू लागले. हे मॉमचेच पेट्रोग्राड, नाव बदललेले. 1937 च्या जुलैत स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली आणि 2 सप्टेंबरला गोळी घातली.

त्याच्या पुढच्या वर्षी, 1938 च्या सुरुवातीला, मॉम पहिल्यांदा भारतात आला. राजकारणाकडे तो वळला नाही. तो तिरुवण्णामलैला रमण महर्षींना भेटायला गेला.